रेकॉर्डची पेटी

"मन्ही पेटी माले मोकळी करी द्या," शांतीबाई म्हणाली. "दवाखानामा जावाना पहिले."

सुकलाल नाना चहाची बशी तोंडाशी नेता नेता थांबले. ऑपरेशन ठरल्यावर बायको काहीतरी मागेल, लेकीला बोलवा म्हणेल, देवाला जाऊन येऊ म्हणेल, याची त्यांनी तयारी ठेवली होती. पेटी त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. घरात सगळे तिला रेकॉर्डची पेटीच म्हणत. ती आजीबरोबर माहेराहून आलेली, हे नातवंडांना ठाऊकही नव्हतं.

लग्नाची हळद निघाली नव्हती तेव्हा नानांनी ती दोन दिवसांसाठी म्हणून घेतली होती. लाऊडस्पीकरचा धंदा नवा होता, पुरुषोत्तमनगरला कारखान्यावरचं एक लग्न धरलं होतं आणि बैलगाडीत रेकॉर्डींना धूळ लागायला नको होती. शांतीबाईने आपली पातळं काढून जुन्या धोतरात बांधली आणि गाठोडं खुंटीला अडकवलं. पेटी परत आली ती रेकॉर्डींसकट. मग दुसरं लग्न आलं, तिसरं आलं. पुढे भोंगे गेले, डीजे आले, नानांचा धंदा बसला. तरी रेकॉर्डी पेटीतच आणि पातळं गाठोड्यातच. चावी नानांच्या करदोड्याला. कुणी विषय काढलाच तर नाना ऐकवत, की रेकॉर्डींचं कपाट म्हणजे सुरतेच्या कारागिरांचं काम, आपल्यासारख्याला झेपणारं नाही. विचारायला मात्र ते कुठे गेले नव्हते.

आता तेवढी सवड नव्हती. जीप दुसऱ्या दिवशी दुपारी यायची होती. नानांनी गल्लीतल्या गोपाल मिस्तरीला बोलावलं. त्याने एक रेकॉर्ड हातात घेऊन वितीने मापली आणि सकाळी मोटारपंपाच्या खोक्यांच्या फळ्या घेऊन आला. रेकॉर्डी भाकरीसारख्या एकीवर एक रचायच्या नाहीत, स्वयंपाकघरातल्या मांडणीत ताटं उभी राहतात तशा उभ्या ठेवायच्या, एवढं त्याने नानांना समजावलं. ऊन ओट्यावर यायच्या आत मांडणी भिंतीला लागली. ना पॉलिश, ना रंग. पण हलवून पाहिली तर हलत नव्हती.

नानांनी खिशात हात घातला. मिस्तरीने मजुरी सांगितली तेव्हा तो चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं. एका लग्नाच्या बिदागीत अशा दोन मांडण्या झाल्या असत्या.

"इतलंसं काम, नाना," गोपाल हत्यारं आवरत म्हणाला. "पहिले काबरं नही सांगं?"

शांतीबाई ओट्यावर लसूण सोलत होती. तिनेही ऐकलं. तिने मान वर केली नाही. ती चार शब्द बोलली असती तर नानांना बरं वाटलं असतं.

मिस्तरी गेल्यावर नानांनी पेटी उघडली. वरच्या रेकॉर्डी ठीक होत्या. तळाशी गेले तसा त्यांचा हात थबकायला लागला. खालच्या साऱ्या पापडासारख्या वाकल्या होत्या. बाहेर ठेवल्या तर खराब होतील म्हणून त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता, आणि त्या आतल्या आत एकमेकींच्या ओझ्याने खराब झाल्या होत्या. नानांनी त्याही पुसून मांडणीत लावल्या.

पेटी रिकामी झाली. झाकणाच्या आतल्या बाजूला हिरव्या रंगात लिहिलेलं होतं: शांती, खापर. खापर हे तिचं माहेर; तिच्या बापाने पेंटरकडून हौसेने लिहून घेतलेलं. इतकी वर्षं पेटी उघडताना ही अक्षरं डोळ्यांसमोर येत होती आणि नाना खाली गाणी शोधत होते. त्यांना लाज वाटली. खांद्यावरच्या उपरण्याने त्यांनी पेटीचा तळ पुसला, कोपरे पुसले आणि बायकोला हाक मारली.

शांतीबाई भिंतीला धरत धरत आली. वाकून तिने तळावरून हात फिरवला. सून दीपमाला पातळं भरायला म्हणून खुंटीवरचं गाठोडं काढू लागली, तर शांतीबाईने तिला थांबवलं. दवाखान्यात नेसायला लागतील, ते जीपमध्ये ठेव, म्हणाली. मग तिने झाकण लावलं आणि नानांपुढे हात केला.

करदोड्याची गाठ घामाने आवळून बसली होती. नानांना ती सुटता सुटेना. तेवढा वेळ तिचा हात तसाच पुढे होता. शेवटी चावी सुटली. तिने कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि चावी पदराच्या टोकाला बांधली.

"रिकामीच ते शे," नाना हळूच म्हणाले. "कुलूप काबरं लावस?"

"मन्ही शे ना," ती म्हणाली. "घर वापस उनू ते भरसू."

जीप नंदुरबारच्या रस्त्याला लागली. प्रकाशा गावाजवळच्या पुलावर तापीचा वारा आत आला, तरी शांतीबाईची मूठ पदराच्या गाठीवरून सुटली नाही. दीपमालाने चढताना गाठोडं नानांच्या मांडीवर दिलं होतं. ते त्यांनी आजवर कधी उचललं नव्हतं. ते इतकं हलकं असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.