काचेची गाडी

"गाडीत काही निघालं नाही, तर किल्ली माझ्याकडे द्यायची," धाकटा म्हणाला. बोलला बहिणीशी, पण ऐकवलं वडिलांना.

उतरलो तर पुन्हा चढू देणार नाहीत, अशा थाटात आप्पा पिकअपचं स्टिअरिंग धरून बसले होते. मागे काचा उभ्या ठेवायची लाकडी चौकट रिकामी होती. परवा भर चौकात गाडीने हिसका दिला आणि तिच्यातली काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. जन्मभर काच वाहिलेल्या माणसाच्या हातून हे पहिल्यांदाच घडलं होतं. काचेचं दुकान आता धाकटा बघायचा. त्याचं म्हणणं, आप्पांचा पाय पेडलवर टिकत नाही. आप्पांचं म्हणणं, गाडी आपणहून हिसके देते. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं आणि निरोप्याचं काम थोरलीच्या गळ्यात पडलं होतं.

गॅरेज थोरलीचं होतं. गाडीतच काहीतरी सापडावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि नेमकी त्याचीच तिला धास्ती वाटत होती. मेकॅनिकने आधी बाजू घेतली की त्याला हवं तेच दिसायला लागतं.

फिल्टर बघून झाला, प्लग झाले, वायरिंग झालं. कुठे काही नाही. धाकटा घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होता. आता राहिला थ्रॉटलच्या, म्हणजे पेडलच्या केबलने फिरणाऱ्या झडपेच्या कडेला बसवलेला सेन्सर. पेडल किती दाबलंय हे इंजिनाला कळवायचं, एवढंच त्याचं काम. थोरलीने त्याच्या वायरीला मीटर जोडला. जुना, काट्याचा मीटर. आकडेवाल्या मीटरवर बारीक भानगडी दिसत नाहीत, असं ती म्हणायची.

"आप्पा, इंजिन सुरू नका करू. नुसती किल्ली फिरवा. आता पेडल दाबा, अगदी हळू."

बोनेट उघडं असल्यामुळे तिला आप्पा दिसत नव्हते आणि त्यांना मीटर. काटा थरथरत वर चढू लागला. थोडा चढला नाही तोच धाडकन शून्यावर आपटला आणि उसळून पुन्हा वर आला.

"परत एकदा."

परत त्याच जागी आपटला. थोरलीने धाकट्याला हाक मारली.

"इकडे ये आणि डोळे उघडे ठेवून बघ. आप्पा, पाय काढा." तिने स्वतःच्या बोटांनी थ्रॉटल फिरवला. काटा त्याच जागी आपटला. "बघितलंस? पेडल दाबलेलं असताना हा इंजिनाला सांगतो, सोडलं म्हणून. इंजिन हिसके देणार नाही तर काय करणार?"

धाकटा ओशाळला. "मला काय स्वप्न पडलं होतं?"

"विचार गं त्याला, किल्ली हवीय का अजून!" आतून आवाज आला. थोरलीला हसू फुटलं. इतकं हलकं तिला दोन दिवसांत वाटलं नव्हतं.

नवा सेन्सर आणायला धाकटाच पळाला. जुना काढणं म्हणजे दोन स्क्रूचं काम. थोरलीने नवा बसवला, स्क्रू अर्धवट आवळले, काटा नेमक्या जागी येईपर्यंत सेन्सर केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवला आणि मग घट्ट केला. बोटांनी थ्रॉटल फिरवून पाहिला. काटा सरळ वर गेला, सरळ खाली आला. दाराशी धाकटा फोनवर बोलत होता. "हो, हो, उद्या सकाळी पोचते काच. आप्पाच आणतील, काळजी नको."

"आप्पा, आता शेवटचं. दाबा हळू."

काटा चढू लागला. जिथे आपटायचा ती जागा आली आणि मागे पडली. काटा आपटला नाही.

पण थरथरत होता.

थोरलीने वायर हलवून पाहिली. स्क्रू चाचपले. घट्ट होते. मग तिने पेडलकडून येणाऱ्या केबलवर बोट टेकवलं. बोटाखाली केबल थरथरत होती. आधीही काटा असाच चढला होता. आपटण्याच्या नादात तिने तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

"काटा थरथरतोय, हो ना?" बोनेटच्या पलीकडून आप्पांनी विचारलं. दारापर्यंत जाणार नाही इतक्या हळू.

मीटर त्यांना दिसत नव्हता.

"पाय काढा, आप्पा," ती कशीबशी म्हणाली. काटा खाली आला आणि गप्प बसला.

धाकट्याला मीटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळं ठीक आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. दाराशी धाकट्याचं फोनवर कुणाशी तरी हसणं चाललं होतं.

आत किल्ली फिरल्याचा आवाज झाला. गाडीचं दार उघडलं. आप्पा दाराला धरून सावकाश उतरले. थोरलीच्या बाजूने जाताना त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तसेच पुढे जाऊन धाकट्यासमोर किल्ली धरली.

धाकट्याने फोन खाली घेतला. एकदा किल्लीकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे.

"आता कशाला, आप्पा? गाडी नीट झाली ना?"

"झाली," आप्पा म्हणाले. "म्हणून तर देतोय."