विहिरीची परीक्षा

"भरलेला डबा घेऊन विहिरीवर कोण जातं?" तेबाकारोनं विचारलं.

रुइता त्याच्या मचाणावर बसून चटई विणत होती. "तेच तर म्हणते मी, आजोबा. आपण रिकामा नेतो, भरून आणतो. तिरोइया भरलेला नेते, रिकामा आणते. तीन दिवस पाहतेय, उजाडायच्या आत."

"समुद्राकडून येते?"

"घराकडून. पण तिचं घर समुद्राला चिकटलेलंच की! आणि केस बघा तिचे. नुसतं मीठ."

तिरोइया तेबाकारोच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. आणि गावचा मुख्य म्हातारा तो.

चार दिवसांनी राजधानीहून, तारावाहून, पाण्याचा साहेब येणार होता. नियम सरळ होता आणि नालायक होता. विहीर गोड निघाली तर गावाला समुद्राची भिंत. खारी निघाली तर गाव राहण्यास अयोग्य. माणसं उचलायची आणि तारावाच्या गर्दीत नेऊन कोंबायची. मेलेली माणसं, बाबाईच्या कंदांचे खड्डे, माड, सगळं पाण्यात. ज्यांनी धूर ओकून समुद्र फुगवला ते पेपर काढणार, बुडणाऱ्यांनी सोडवायचा.

तिरोइयाचा मुलगा ऑकलंडला होता. गाव उठलं की परदेशातल्या नातेवाइकांकडे जाणाऱ्यांना सरकार तिकीट देणार होतं.

तेबाकारो तिच्याकडे गेला. नातवंडं शहाळी फोडून पीत होती.

"पोरांना विहिरीचं पाणी चालत नाही वाटतं?"

"शहाळी पडलीत, भाऊजी. वाया कशाला घालवू?"

"मुलगा बोलावतो का?"

"दर रविवारी."

"मग?"

"माझं माणूस इथं पुरलंय," ती म्हणाली. "मी कुठं जाणार?"

पाठ केलेलं उत्तर, त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो केवड्याच्या आडोशाला बसला. तिरोइया आली. दोन डबे, दोन्ही काठोकाठ. तिनं इकडेतिकडे पाहिलं, गुडघे टेकले आणि विहिरीच्या कडेकडेनं पाणी सोडलं. इतकं हळू की थेंबाचा आवाज नाही.

तिथंच झिंज्या धरल्या असत्या. पण भावाची विधवा. बोभाटा झाला तर थुंकी आपल्याच तोंडावर. त्याच्याकडे दुसरा उपाय होता. नात्यातल्यानं चारचौघांत तोंड उघडून मागितलं की नाही म्हणायचं नसतं. होडी मागा, डुक्कर मागा, अंगावरचा सदरा मागा. या मागण्याचं नाव बुबुती, आणि बुबुती म्हणजे बुबुती.

दुपारी मानेआबात, गावच्या सभेच्या छपराखाली, सगळं गाव जमलं. चहा फिरला.

"तिरोइया, मला तुझ्याकडं मागायचंय."

"डुक्कर माग रे म्हाताऱ्या," मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्याही पोटात दोन घास जातील!"

हशा उसळला. तेबाकारो हसला नाही.

"साहेब येऊन जाईपर्यंत विहिरीकडं पाऊल टाकायचं नाही. एवढं दे."

तिचा चेहरा उतरला. "भाऊजी, दुसरं काहीही मागा. डुकरं मागा. जमीन मागा."

"हेच."

तिनं सभेवरून नजर फिरवली. शंभर कान. त्यात सरकारी कारकुनाचे दोन.

"दिलं."

बायका कुजबुजल्या. रुइता तर मोठ्यानंच म्हणाली, "ऑकलंडला थंडी असते हो काकू, चटई देते विणून!"

तेबाकारोनं तरीही जावयाला विहिरीवर पहाऱ्याला बसवलं. तिसऱ्या दिवशी चहा खारट लागला.

"तिनं आधी ओतलेलं आता वर येतंय," तो म्हणाला. सगळ्यांना पटलं.

साहेब आला. इओआने नाव, वयानं कोवळा, बूट कोरे. त्यानं विहिरीत नळी सोडली, यंत्राकडे पाहिलं, पुन्हा सोडली. मग मान खाली घातली.

"खारी आहे, आजोबा. बरीच खारी. माफ करा, मला हेच लिहावं लागेल."

"लिहू नकोस!" तेबाकारोनं त्याचं मनगट धरलं. "घातपात आहे हा. आमची विहीर गोडच आहे. एका बाईनं समुद्र ओतलाय तिच्यात. चल, पुरावा दाखवतो. तीन दिवसांत डबा उचललेला नाही तिनं, उरलेलं घरातच असणार."

सगळं गाव मागोमाग निघालं. तिरोइया दारात बसली होती. उठली नाही, अडवलं नाही. तिच्या छपराच्या पन्हळीखाली टाकी होती. तेबाकारोनं वाजवून पाहिली. खाली थोडं पाणी होतं.

"बघा रे सगळे! साहेब, तूही बघ!"

त्यानं तोटी सोडली, ओंजळ भरली आणि सगळ्यांसमोर थुंकून दाखवायला तोंडात घेतली.

थुंकला नाही.

"पावसाचं पाणी परीक्षेपुरतं राखलं होतं, भाऊजी," तिरोइया म्हणाली. "आता पिऊन टाका."