क्लिपबोर्डात राहिलेलं

कारखान्याच्या ऑफिसात बायकोला पंख्यावरून उतरवलं, तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर चालूच होता. पडद्यावर एकच ओळ: ‘मी स्वतःहून जात आहे.’ इन्स्पेक्टर दारात पंचनामा लिहीत होते. नवरा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. शेवटचा कट केलेला मजकूर क्लिपबोर्डात राहतो आणि मशीन बंद होताच पुसला जातो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं क्लिपबोर्ड दाखवणारी खिडकी उघडली. ‘पोलिससाहेब, कामगार अपघातानं जळाला नाही. मालकांनी भट्टीचं दार बाहेरून लावलं. मी पाहिलं.’ खांद्यावर मालकांचा हात पडला. “गुणी टायपिस्ट होती रे, पण हट्टी.” त्यानं कीबोर्ड उपसून मालकांच्या तोंडावर हाणला, दात पडेपर्यंत हाणला. इन्स्पेक्टरनी त्याला मागे ओढलं. “साहेब, ते वाचा,” तो ओरडला. झटापटीत त्याच्याच पायानं कॉम्प्युटरचा प्लग निघाला होता; पडदा काळा झाला होता. रक्त थुंकत मालक म्हणाले, “सोडा, दुःखात आहे बिचारा.”