न उमटलेली रेघ

चोविशीतला कुशल सपाट रस्त्यावरही अडखळून पडायचा. हातातला चहा सांडायचा. घरच्या हातमागावर बसायचं नाही म्हणून पोरगं नाटकं करतं, असं त्याचे वडील नानाजी अख्ख्या उमरेडला सांगत.

रामदासपेठेतल्या प्रयोगशाळेत संशोधक हर्षाने नानाजींपुढे कुशलच्या तपासणीची फिल्म धरली. "कोलेस्टेरॉल पचवणारं एक एन्झाइम असतं. आमची अँटिबॉडी फक्त त्यालाच चिकटते आणि फिल्मवर काळी रेघ उमटते. ही निरोगी माणसाची. ही कुशलची जागा."

तिथे काहीच नव्हतं.

"तुमची अँटिबॉडीच खराब असन," नानाजी म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं, म्हणून तीनदा केलं. ते एन्झाइम त्याच्या शरीरात जन्मापासून नाही. न पचलेली चरबी मेंदूत साठत गेली, म्हणून तोल जातो. पण यावर गोळ्या आहेत, काका. आजार थांबेल. चालणंही सुधारू शकेल."

नानाजींचं गोळ्यांकडे लक्षच नव्हतं. "म्हणजे पोरगं नाटक नव्हतं करून राहिलं?"

"नाही, काका."

ते बाहेर आले. बाकावर बसलेल्या कुशलसमोर उभे राहिले. म्हणाले, "माह्यं चुकलं गा."

दार उघडंच होतं. कुशलने सगळं ऐकलं होतं. बापाच्या खांद्यावर हात टेकून तो उठला.

"ते राहू द्या, बाबा. गोळ्या कुठी भेटते, ते विचारलं का?"