रिकामं मिनिट

रोझलिन मावशी सांडोरला सुकेळी करते, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. तिची वेबसाइट होती, पण ऑर्डर येत नव्हती. पडलेल्या वेबसाइट उभ्या करणं हाच माझा धंदा, म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिच्या ओटीवर बसलो. फोटो बदलले, फॉर्म छोटा केला, ऑर्डरचं बटण वर आणलं. राहिला केळी सोलण्याचा व्हिडिओ. त्यात मध्येच चर्चची बाराची घंटा होते. मावशी आणि दोघी बायका हातातलं ठेवून उठतात आणि डोळे मिटून उभ्या राहतात. अख्खं मिनिट काहीच घडत नाही.

"हे कापतो. लोक पाच सेकंद थांबत नाहीत."

"प्रार्थना कापशील, डेन्झिल?"

मी ते मिनिट तसंच ठेवलं. म्हटलं, महिन्याने आकडेच दाखवू.

महिन्याने आकडे उघडले. व्हिडिओ बघणारे टोरांटो, दोहा, लंडनचे आणि इथल्या पापडीचेही. केळी सोलतानाच निम्मे लोक निघून गेले होते. पण घंटा सुरू झाल्यावर त्या मिनिटात एकही माणूस हलला नव्हता. आणि जवळजवळ सगळ्या ऑर्डरी त्यानंतर लगेच आलेल्या. आठ वर्षांत प्रेक्षकांच्या आलेखात इतकी सरळ रेघ मी कुठल्याच वेबसाइटवर पाहिली नव्हती. लॅपटॉप तसाच उचलून मावशीकडे नेला.

"मावशी, असं कधी होत नाही."

तिने रेघेकडे पाहिलं आणि हातातलं केळं उन्हात मांडलं.

"प्रार्थना चालू असताना मधूनच कोण निघून जाईल रे?"