शेवटचा आकडा

आयसीयूतल्या प्रत्येक खाटेजवळचं यंत्र जुन्या सर्व्हरला आकडे पाठवायचं आणि सर्व्हर ते बाहेर नर्सच्या स्क्रीनवर दाखवायचा. संपर्क जरा तुटला की स्क्रीन कोरा. मग नर्सची धावपळ, मग हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या त्याला फोन. रोजच्या कटकटीला कंटाळून त्याने सर्व्हरचं सेटिंगच बदललं: संपर्क तुटला, तर शेवटचा आकडा तसाच दिसत राहू दे. फोन थांबले. साहेबांनी पाठ थोपटली.

आज तो त्याच स्क्रीनसमोर येरझाऱ्या घालत होता. आत त्याचे वडील होते.

"दादा, बसा हो जरा. तुमच्या फेऱ्या बघून मलाच गरगरायला लागलंय," नर्स म्हणाली. "बाबांचे ठोके बघा, बहात्तर. आणखी काय पाहिजे?"

तो बसला. लगेच उठला.

"सिस्टर, मघाशी किती होते?"

"बहात्तरच."

"आणि शेजारच्या आजींचे?"

"नव्वद. त्यांचेही मघापासून नव्वदच. आज सगळेच पेशंट कसे शहाण्या बाळासारखे..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो आयसीयूचं दार ढकलून आत धावला होता.