जामीन कोण

"हुकूम म्हंजी पगार न्हवं," माणिकराव म्हणाले आणि कागद टेबलावरून परत सरकवला.

दैवशालाला पालमच्या सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. हजर व्हायचं होतं पुढच्या महिन्याच्या एक तारखेला. नवरा वैजीनाथ गंगाखेडात एका शाळेवर शिपाई. त्याच्या एकट्याच्या पगारावर पतसंस्था दोन खोल्यांच्या घरापुरतं कर्ज देत नव्हती. दोघांचे पगार धरले तर देत होती. पण तिचा पगार अजून जन्मालाच आला नव्हता. आणि घर विकणारा पंडित येत्या बाजारापर्यंतच थांबणार होता.

माणिकराव पतसंस्थेचे चेअरमन. आधी ऊसतोडीचे मुकादम. काम सुरू व्हायच्या आधीच, दसऱ्याला, नवरा-बायकोच्या जोडीच्या हातावर उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, ठेवायची आणि दिवाळीनंतर ट्रकात भरून न्यायचं, हा धंदा. आता ते पांढरी टोपी घालून गरिबांच्या उद्धारावर भाषण ठोकत. कपडे बदलले म्हणून हात बदलत नाहीत.

त्यांनी चुटकी वाजवली. पाणी पाहिजे होतं.

दैवशाला खुर्चीतून अर्धी उठली. वैजीनाथ तिच्याकडं बघतच राहिला. मग ती परत बसली, खुर्चीचे हात घट्ट धरून. पतसंस्थेच्या शिपायानं पाणी आणून ठेवलं.

माणिकराव वैजीनाथलाच समजावत होते, जणू बाई तिथं नव्हतीच. बाईमाणसाची नोकरी, हजर झाली तर झाली. सासू आडवी आली, दिवस गेले, की संपलं. पयला पगार दाखवा, मग या. घाई असंल तर बायकोचं नाव काढा आणि एका खोलीत भागवा. वैजीनाथनं नकाराची मान हलवली. घर दोघांच्या नावावर, न्हाई तर नको, म्हणाला. माणिकराव हसले. बायकोच्या पदराला बांधलेला गडी आज बघायलोय, म्हणाले.

"बरं, जामीन तरी आणा. ही बाई कामावर जाईल अशी खात्री देणारा. हितं तुमाला वळखतं कोण?"

"तुमी वळखता," दैवशाला म्हणाली.

माणिकरावांनी चष्मा लावला. ओळख लागेना.

"लिंबाजीची पोर मी. माझ्या बापाला तुमी उचल दिली व्हती. कोयत्याला हातबी लागला नव्हता, तरी दिली."

माणिकरावांनी ग्लास खाली ठेवला. "पळाला की त्यो," ते हळू आवाजात म्हणाले.

"पळाला. मंग तुमी मला ठेवून घेतलं. नऊ वर्साची व्हते. दोन सालं तुमच्या गोठ्यातलं शेण काढलं. चुटकी वाजली की पाणी दिलं. मामानं उचल फेडली तवा सुटले."

वैजीनाथला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून आत बघायला लागली होती. दैवशालानं नोकरीचा हुकूम आणि घराचे कागद, दोन्ही एकावर एक ठेवले आणि टेबलाच्या पार पलीकडं सरकवले.

"ह्या बारीला घर ठेवून घ्या. घराला पळता येत न्हाई."

कर्जमंजुरीचा शिक्का पलीकडच्या कपाटात होता. माणिकरावांचा हात वर गेला. बोटाला बोट लागलं, पण चुटकी वाजली नाही.

ते स्वतः उठले.